भीमाची काठी कोणीं नेली? (अद्भुत रहस्यकथेविषयीं एक पाठ)

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या निबंधाच्या वह्या तपाशीत असतां एका वहींत आम्हांस चोरीची एक फिर्याद आढळली. विषय दिला होता 'आमचें गांव'. बहुतेक मुलांनीं नेहमींप्रमाणें देऊळ, शाळा, ओढा व मुख्य पिकें यांचा उल्लेख करून, शेवटीं गांवावरील आपलें प्रेम एका वाक्यांत व्यक्त करून कर्तव्य पार पाडलें होतें. परंतु कुडपणच्या बाजूनें येऊन आमच्या वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलीनें पहिल्याच ओळींत लिहिलें होतें कीं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं भीमाची काठी जागेवर नव्हती.

ज्या वाचकांनीं तो मुलूख पाहिला नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगणें अवश्य आहे. कुडपण हें पोलादपूर तालुक्यांतील, सह्याद्रीच्या रांगेंत उंचावर वसलेलें गांव. पूर्वीं ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत व १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्याच्या दक्षिणेकडील टोंकाचा हा भाग. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ याच तालुक्यांत आहे, आणि शेलारमामांचें गांव म्हणून कुडपणचें नांव सांगतात. गांवाजवळच्या दरींत, पोकळींत सरळ उभी रेघ ओढावी तसें जें एक स्थळ आहे, त्यास भीमाची काठी हें नांव आहे. आमच्या डोंगरांत मनुष्याच्या हातून होण्यासारखें नसलेलें जें जें कांहीं दिसेल तें भीमाच्या खात्यावर मांडण्याची चाल फार जुनी आहे. त्या बिचाऱ्यानें कधीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

निबंधांत पुढें असें झालें होतें. नायिकेचें नांव तानी, वय वर्षें चौदा. ती सकाळीं शेळ्या घेऊन कड्याकडे जाते, पाहते तों काठी नाहीं. घरीं येऊन सांगते. आजी म्हणते, धुकें असेल. तानी म्हणते, धुकें असतें तर दोन्ही बाजूंचे डोंगरही दिसले नसते. ते स्वच्छ दिसत आहेत, मधली काठी तेवढी नाहीं. मग ती पोलीसपाटलांकडे जाते. पाटील कागद पुढें ओढून विचारतात, मालाचा मालक कोण? भीम. बापाचें नांव? येथें तानी अडखळते. पंडु लिहावें कीं वायु लिहावें हा प्रश्न पडतो. राहण्याचें ठिकाण? पूर्वीं हस्तिनापूर, हल्लीं ठाऊक नाहीं. पाटील लेखणी खालीं ठेवतात व सांगतात कीं, मालक स्वतः येऊं दे, मग फिर्याद लिहूं. तेव्हां तानी ठरविते कीं तपास आपणच केला पाहिजे.

तपासांत तिला तीन खुणा सांपडतात. पहांटेच्या अंधारांत ओढ्याच्या बाजूनें कोणी तरी मनुष्य शीळ घालीत असल्यासारखा आवाज येतो. रात्रीं रानाच्या वाटेवर जमिनीलगत हिरवट उजेड दिसतो. आणि कड्याकडच्या भाताच्या खाचरांत नऊ हात लांबीचा एक खळगा पडला आहे, त्याच्या एका टोंकाला पांच लहान खळगे आहेत, व सर्वांत पावसाचें पाणी सांचून बेडकांनीं संसार थाटला आहे. येथें वहीचीं पानें संपलीं होतीं व निबंधही संपला होता.

आम्हीं तांबड्या शाईनें लिहिलें, 'विषय सोडला. वस्तुस्थितीस धरून लिहावें.' दहांपैकीं तीन गुण दिले आणि पुढची वही उघडली. रात्रीं जेवावयास बसलों असतां आमच्या मनांत एकच प्रश्न येऊं लागला, आणि तो म्हणजे काठी कोणीं नेली? पंचवीस वह्यांपैकीं चोवीस आम्हीं वाचून विसरलों होतों. शिक्षकास यापेक्षां अधिक स्पष्ट पुरावा नको. दुसऱ्या दिवशीं आम्हीं ते गुण खोडले, व त्या आठवड्यांतील दोन तास या एका निबंधावर घालविले. त्या दोन तासांत जें बोलणें झालें त्याचा सारांश येथें देत आहों. विद्यार्थ्यांनीं तर तो वाचावाच, परंतु मुलांच्या हातीं कादंबरी दिसतांच ज्यांच्या कपाळाला आठी पडते अशा पालकांनींही वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम या लेखनास नांव काय द्यावें? यांत अद्भुत आहे, कारण पौराणिक पुरुष आपली वस्तु परत नेऊं शकतो असें यांत गृहीत धरलें आहे. यांत रहस्य आहे. यांत हास्य आहे. आणि नायिका तानीच्या वयाची आहे. या चार गोष्टी एकत्र असलेलें पुस्तक इंग्रजींत आज दुकानाच्या फळीवर सहज मिळतें. मराठींत तें शोधावें लागतें, आणि कां शोधावें लागतें याचें कारण केवळ वाङ्मयांत नाहीं.

अद्भुताची आमच्याकडे वाण नव्हती. नागपंचमीची कहाणी घरोघर सांगतात ती आठवा. सासरीं असलेली, माहेर नसलेली सर्वांत धाकटी सून. तिला नेण्यास शेषभगवान मामाचें रूप घेऊन येतो. ती नागांच्या घरीं जाते. तेथें तिच्या हातचा दिवा पडून नागाच्या पोरांचीं शेपटें भाजतात. पुढें तींच पोरें मोठीं होऊन सूड घेण्यास येतात, तों ही आपल्या भावांचें स्मरण करून त्यांस दूध-नैवेद्य ठेवीत असलेली त्यांस दिसते, आणि त्यांचा राग जातो. लहान मुलगी, अपरिचित जग, एक चूक, एक धोका व थोडें हंसूं, सर्व कांहीं येथें आहे. एकच नाहीं. ही सून कशाचाही शोध करीत नाहीं. आपल्याला न्यावयास आलेला हा मामा आजवर कोठें होता, हें ती विचारीत नाहीं. विचारण्याची तिला सोयच नव्हती.

पुढें छापील कादंबऱ्या आल्या. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें; मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. तीही एका तरुण स्त्रीची कथा आहे. यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि वाटेंत विधवांचीं दुःखें डोळ्यांनीं पाहते. तेथें अद्भुताला जागा नव्हती. जें खरोखर घडत होतें तेंच पुरेसें भयंकर होतें. त्यानंतर १८६१ मध्यें लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' व १८६८ मध्यें नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' या आल्या, आणि वाचक राजवाडे, अरण्यें, वेषांतरें, कपटी खलपुरुष व ताटातुटी यांत रमून गेले. या पुस्तकांस नांवें नायिकांचीं आहेत हें लक्षांत घ्या. परंतु या नायिका करतात काय? त्या सहन करतात, वाट पाहतात, आणि शेवटीं दुसऱ्या कोणाच्या पराक्रमानें सुखी होतात. मुखपृष्ठावर मुलगी व आंत पुरुष, असा तो प्रकार आहे.

रिसबुडांनीं 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेंत आपण अद्भुताकडे कां वळलों याचें कारण मोठ्या मोकळेपणानें सांगितलें आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आमच्या लोकांतील विवाहाची रीत व इतर कांहीं कारणें यांमुळें आमच्या आयुष्यांत मनोवेधक असे गुण किंवा दुर्गुण फारसे दृष्टीस पडत नाहींत. रोजच्या अनुभवाचें लिहावें तर त्यांतून चटकदार असें कांहीं निघत नाहीं. म्हणून लेखकास कल्पनेच्या राज्यांत जावें लागतें. या विधानावरून रिसबुडांस पुष्कळ टीकाकारांनीं दोष दिला आहे. आम्हांस तें विधान अत्यंत प्रामाणिक वाटतें. मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं उरकण्याचा तो काळ. चौदा वर्षांची, रिकाम्या सकाळीं कड्यावर उभी राहून 'हें असें कां?' म्हणून विचारणारी मुलगी लेखकानें आणावी कोठून? चौदाव्या वर्षीं ती एका घराची सून व कदाचित् आईही होती.

कायद्यानें ही गोष्ट हळूहळू बदलली. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा झाली, आणि त्यावर केवढें रण माजलें हें इतिहासाच्या पुस्तकांत आहे. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. १९७८ पासून तें अठरा आहे. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणुकी'तून १८९० पासून लिहिली. तींत यमुना स्वतःच्या तोंडानें आपली हकीकत सांगते. मराठी कादंबरींत मुलीला स्वतःचा आवाज असा मिळाला, पण बाहेर पडण्याची वाट मिळाली नाहीं.

येथें नाथमाधवांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. द्वारकानाथ माधव पितळे हें त्यांचें नांव. ज्या सिंहगडावर आमच्या पोलादपूरच्या मुलखांतले वीर चढले त्याच गडावरून हा तरुण पडला, पायांतील शक्ति गेली, आणि पुढचें आयुष्य त्यानें लेखणीच्या आधारानें काढलें. त्यांची 'वीरधवल' १९१३ सालची. तींतील गुप्त वाटा, किल्ले व कारस्थानें यांनीं कित्येक पिढ्यांच्या मुलांची झोंप उडविली. ज्यास स्वतः पाऊल टाकतां येत नव्हतें त्यानें इतक्या वाचकांस डोंगरदऱ्यांतून धांवावयास लाविलें, हें आम्हांस त्या पुस्तकांतील कोणत्याही अद्भुताहून मोठें वाटतें. तथापि धांवणारे तेथेंही मुख्यतः पुरुषच. पुढें भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनांत शिकणारा, सायकलीवर स्वार होऊन चोरांच्या मागें लागणारा हा पोरगा मराठी मुलांचा इतका लाडका झाला कीं २०१७ सालीं तो चित्रपटांतही आला. त्याच भागवतांनीं इंग्रजींतील आलिसला 'जाईची नवलकहाणी' या नांवानें मराठींत आणलें. जाईजवळ अद्भुत आहे व फेण्याजवळ तपास आहे. या दोहोंची जी एक धाकटी बहीण व्हावी, ती म्हणजे तानी.

बाहेरच्या देशांतही ही बहीण एकदम जन्मली नाहीं. मूळ आलिस १८६५ सालची. ती प्रश्न पुष्कळ विचारते, पण तिच्यापुढें सोडविण्यासारखें कोडें नाहीं. अमेरिकेंतील बॉम यांची डोरोथी १९०० सालची. ती जादूगाराच्या नगरींत जाते, आणि पडदा कलंडतांच महान् जादूगार म्हणजे एक साधा गृहस्थ आहे हें उघडकीस येतें. तो पडदा मात्र तिचा कुत्रा पाडतो, हा थोडा कमीपणा झाला. १९३० सालीं नॅन्सी ड्रू नांवाची सोळा वर्षांची शोधक मुलगी पुस्तकांत आली. ती सर्व तपास स्वतः करते. तिच्यापाशीं निळी मोटार होती. तानीपाशीं दोन पाय व सात शेळ्या आहेत, एवढाच काय तो भेद.

आतां रचनेविषयीं. अद्भुत कथेंत काय वाटेल तें घडूं शकतें अशी मुलांची समजूत असते, व ती सर्वस्वीं चुकीची आहे. काय वाटेल तें घडूं लागलें कीं रहस्य उरतच नाहीं. चोर भिंतींतून आरपार जाऊं शकतो असें सातव्या प्रकरणांत सांगितलें, तर पहिल्या सहा प्रकरणांत वाचकानें कुलपांची केलेली चिंता फुकट गेली, आणि फसविल्याचा राग त्यास येणार. म्हणून लेखकानें अशक्य अशी एकच गोष्ट मागून घ्यावी, तीही आरंभींच. बाकी सर्व गोष्टी आपल्या रोजच्या जगाच्या नियमानें चालाव्या. तानीच्या लेखिकेनें एवढेंच मागून घेतलें आहे कीं भीम अद्याप कोठें तरी आहे. त्याउपर शेळ्या शेळ्यांसारख्या वागतात व पोलीसपाटील पोलीसपाटलांसारखे.

खुणांची वांटणी हें या कलेचें वर्म आहे. वर्गांत आम्हीं विचारलें, शीळ कोणाची? तीन मुलांनीं उत्तर दिलें, भुताची. ती मुलगी उठून म्हणाली, 'पुढल्या प्रकरणांत तानी दगडाआड बसून बघणार आहे. तो पक्षी आहे.' आणि तें बरोबर आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांकांठीं निळसर काळ्या रंगाचा कस्तूर पक्षी राहतो. पावसाळ्यांत पहांटे तो इतकी हुबेहूब माणसासारखी व थोडी बेसूर शीळ घालतो, कीं इंग्रजांनीं त्याचें नांव 'शीळ घालणारा शाळकरी पोर' असें ठेविलें. आणि हिरवट उजेड? तेथें तानी हात लावून पाहते. उजेड आहे, पण ऊब नाहीं. कुजक्या लाकडावर वाढणारी एक प्रकारची बुरशी पावसाळी रानांत रात्रीं असा मंद प्रकाश देते. लाकूड हातांत घेऊन ती घरीं येते आणि आजीच्या उशाशीं ठेवते. आजीनें मध्यरात्रीं डोळे उघडल्यावर काय झालें याचें वर्णन इतकें बहारीचें होतें कीं वर्ग दहा मिनिटें शांत झाला नाहीं.

पाहा, दोन खुणा निसर्गाच्या निघाल्या. वाचकास वाटूं लागतें कीं तिसरीही तशीच निघणार, खळगा म्हणजे जमीन खचली असेल. तो निर्धास्त होतो. खरें अद्भुत त्यानंतरच यावें. ज्या मुलीनें पक्ष्याला पक्षी व बुरशीला बुरशी म्हणून ओळखलें, तीच जर खाचराच्या बांधावर उभी राहून म्हणाली कीं 'हें पाऊल आहे', तर तिच्यावर आपला विश्वास बसतो. प्रत्येक खडखडाटाला भूत म्हणणाऱ्या नायिकेवर कोण विश्वास ठेवील? विनोदाविषयीं अधिक सांगत नाहीं. फिर्याद लिहितांना पाटील हंसत नाहींत, म्हणून आपण हंसतों. इतकें समजलें तरी पुष्कळ.

या तासांनंतर पंधराएक दिवसांनीं त्या मुलीचे वडील शाळेंत आले. मुंबईस नोकरी, गांवीं थोडी शेती. वार्षिक परीक्षा होतांच मुलीचें नांव काढावें, घरीं धाकटीं भावंडें आहेत, असें सांगण्यासाठीं ते आले होते. अर्ज लिहून खिशांत आणला होता. परंतु वसतिगृहांत मुलीशीं बोलतांना ती वही त्यांच्या हातीं लागली होती, व त्यांचें पहिलें बोलणें तिच्याविषयींच निघालें.

'मास्तर, पोरगी हितं खोटं लिवाया शिकली का काय?'

आम्हीं म्हटलें, 'अहो, ही कल्पित गोष्ट आहे. कोणास फसविण्यासाठीं लिहिलेली नव्हे.'

'गोष्ट हाय त्ये कळतंय मला. पर गोष्टींत तरी खरं नको?' असें म्हणून त्यांनीं वही उघडली व दुसऱ्या प्रकरणांतील एक ओळ बोटानें दाखविली. तेथें तानीस आठवण होते कीं, गेल्या शिमग्यांत पालखी आली त्या रात्रींही त्याच वाटेवर असाच हिरवा उजेड तिनें पाहिला होता, म्हणजे तेंही लाकूडच असणार. 'शिमग्यांत लाकूड कुठलं उजाळतंय? त्याला पाऊस लागतो. सुक्या रानांत त्ये होत न्हाई. मी डोंगरांत वाढलोय, मास्तर.'

आम्ही निरुत्तर झालों. ही चूक आमच्या नजरेतून सुटली होती, वर्गांतील पंचवीस मुलांच्याही सुटली होती. मुलगी शेजारीं खालीं मान घालून उभी होती. तिला आतां वाईट वाटलें असेल म्हणून आम्ही कांहीं समजुतीचें बोलणार, इतक्यांत तिनें मान वर केली. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

'बाबा,' ती म्हणाली, 'मग शिमग्यांत उजेड कशाचा होता?'

त्या गृहस्थांनीं वही मिटली, पुन्हां उघडली. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. मग सावकाश म्हणाले, 'म्हंजी शिमग्यापासनंच कोन तरी येऊन बघून जात व्हतं.'

त्यानंतर अर्धा तास त्या दोघांचें जें बोलणें चाललें त्यांत आमची कांहीं आवश्यकता नव्हती. कड्यावरून खालीं उतरण्यास वाटा किती, त्यांतील कोणती वाट नऊ हातांच्या पावलाला पुरेल, पालखीच्या रात्रीं गांवांत कोण कोण जागें होतें, याची त्यांनीं चौकशी केली. निघतांना ते दारांत थांबले व आम्हांस विचारलें कीं, एवढी गोष्ट पुरी लिहावयास तिला किती दिवस लागतील. आम्हीं सांगितलें, आतांपर्यंत दोन प्रकरणें झालीं, अशीं दहा-बारा तरी होतील. वार्षिक परीक्षेपर्यंत कांहीं होत नाहीं.

खिशाकडे त्यांचा हात एकदां गेला. मग टोपी नीट करून ते मोटारीच्या वेळेला धांवत गेले. अर्ज त्या दिवशीं आमच्या टेबलावर आला नाहीं, आणि हा अंक छापावयास जाईपर्यंतही आलेला नाहीं. तिसरें प्रकरण मात्र आलें आहे. त्यांत तानी शिमग्याच्या पालखीबरोबर नाचणाऱ्यांची यादी करते. यादींत सत्तावीस नांवें आहेत, आणि पालखीच्या वाटेवर पावलें अठ्ठावीस जणांचीं आहेत.